बिबट्या ‘रेस्क्यू’ झाला की ‘कॅप्चर’? जाणून घ्या फरक

जुन्नर, आंबेगावात बिबट्या पकडला गेला की मोबाइलवर मेसेज फिरतो, ‘बिबट्या रेस्क्यू’. पण दरवेळी तो रेस्क्यू असतोच असे नाही.

रेस्क्यू म्हणजे काय?
संकटातून सुटका. विहिरीत पडलेल्या बिबट्यासाठी पिंजरा खाली सोडला जातो. ऊसतोडीत सापडलेले बछडे मादीकडे परत पाठवण्याचा प्रयत्न होतो. इथे संकटात बिबट्या असतो.

कॅप्चर म्हणजे काय?
पकडणे, जेरबंद करणे. उसाच्या कडेला पिंजरा लावून मोकळा फिरणारा बिबट्या अडकवला, तर तो कॅप्चर. इथे भीती माणसाच्या जिवाची असते.

फरक का महत्त्वाचा?
वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार वन्यप्राणी पकडणे, सापळा लावणे हेही ‘शिकारी’च्या व्याख्येत येते. त्यामुळे माणसाच्या जिवाला धोकादायक ठरलेला बिबट्या पकडण्यासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते. त्यात कारणेही नमूद करावी लागतात.

पकडल्यानंतर काय?
२००१ पासून या भागात पकडलेले अनेक बिबटे जंगलांत नेऊन सोडण्यात आले. विद्या अत्रेय व सहकाऱ्यांच्या २०११ मधील अभ्यासानुसार, त्यानंतर माणसांवरील हल्ल्यांची वार्षिक सरासरी ४ वरून १७ वर गेली.

म्हणून पुढचा मेसेज वाचताना दोन गोष्टी पाहा. संकटात कोण होते? आणि पकडलेला बिबट्या माणिकडोहच्या निवारा केंद्रात गेला की दुसऱ्या कुणाच्या शिवाराजवळ?