स्मार्टफोनमधील सिस्टिम कॅशे व कार्यगती : एक विवेचन

सारांश : सिस्टिम कॅशे पुसल्याने स्मार्टफोन वेगवान होतो, ही समजूत मर्यादित अर्थानेच खरी आहे. प्रस्तुत लेखात कॅशेचे कार्य, तो पुसण्याचे परिणाम व गती मंदावण्याची अन्य कारणे यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : कॅशे, अँड्रॉइड, साठवण, कार्यगती.

प्रस्तावना :
हजेरी, गुणनोंद, विद्यार्थ्यांचे गट व बँकेचे व्यवहार आज प्राध्यापकांच्या एकाच फोनवर चालतात. तो मंदावला की नागपुरात सीताबर्डीच्या दुकानापासून स्टाफरूमपर्यंत 'कॅशे साफ करा' हा सल्ला ऐकू येतो. त्याची शास्त्रीय तपासणी आवश्यक ठरते.

कॅशेची संकल्पना :
मॉरिस विल्क्स यांनी १९६५ मध्ये मुख्य स्मृतीच्या जोडीला लहान व शीघ्र स्मृती ठेवण्याची कल्पना मांडली. १९६८ मध्ये आयबीएमच्या सिस्टिम/३६० मॉडेल ८५ या संगणकात ती 'कॅशे' या नावाने आली. ग्रंथालयात वारंवार मागितली जाणारी पुस्तके देवघेव काउंटरजवळ ठेवतात, तसेच हे आहे. ते कपाट रिकामे केल्याने ग्रंथालय गतिमान होत नाही. उलट प्रत्येक मागणीसाठी आत जावे लागते. मात्र कपाटात कालबाह्य आवृत्ती राहिली असेल वा त्याने वाट अडवली असेल, तर ते आवरणे योग्यच होय.

एक नाव, दोन गोष्टी :
अ‍ॅपचा कॅशे म्हणजे त्या अ‍ॅपने साठवलेली चित्रे व तात्पुरत्या फाइल्स. अँड्रॉइड ८.० (२०१७) पासून प्रत्येक अ‍ॅपच्या कॅशेला मर्यादा असून जागा कमी पडताच प्रणाली तो स्वतः हटवते. 'कॅशे पार्टिशन' हा निराळा विभाग असून त्यात मुख्यतः अद्ययावतीकरणाच्या फाइल्स व नोंदी असतात. तो पुसल्याने अ‍ॅपचा कॅशे जात नाही. अँड्रॉइड ७.० (२०१६) मध्ये आलेल्या अद्ययावतीकरणाच्या नव्या पद्धतीस या विभागाची गरजच नसल्याने अनेक फोनमध्ये तो आढळत नाही. आयफोनमध्ये सिस्टिम कॅशे पुसण्याचा पर्याय वापरकर्त्यास दिलेला नाही.

लाभ व हानी :
साठवण जवळजवळ भरली असता, अद्ययावतीकरणानंतर जुन्या फाइल्समुळे बिघाड झाला असता किंवा एखादेच अ‍ॅप अडखळत असता कॅशे पुसणे उपयुक्त ठरते. अन्यथा पुसलेली माहिती पुन्हा उतरवावी लागते व त्यात वेळ, डेटा आणि बॅटरी खर्च होते.

खरा धोका चुकीच्या निवडीचा आहे. 'क्लिअर कॅशे' शेजारील 'क्लिअर डेटा' निवडल्यास अ‍ॅपमधील नोंदी व लॉगिन नष्ट होतात. रिकव्हरी मेनूत 'वाइप कॅशे पार्टिशन' जवळच 'फॅक्टरी रिसेट' असते. तेथे चूक झाल्यास फोनमधील सर्व माहिती जाते. 'क्लीनर' अ‍ॅपबाबतही सावधगिरी हवी. अँड्रॉइड ६.० (२०१५) पासून सामान्य अ‍ॅपला इतरांचा कॅशे परस्पर पुसता येत नाही. त्यामुळे काही अ‍ॅप 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' परवानगी मागतात. ती दिल्यास पडद्यावरील मजकूर त्यांना वाचता येतो.

मंदगतीची अन्य कारणे :
भरलेली साठवण, अपुरी रॅम व जीर्ण बॅटरी ही प्रमुख कारणे होत. जुन्या बॅटरीच्या आयफोनची गती प्रणाली मर्यादित करते, हे अ‍ॅपलने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केले. नागपूरच्या संदर्भात उष्णता हे दुर्लक्षित कारण आहे. आयफोनसाठी ० ते ३५ अंश सेल्सिअस ही भोवतालच्या तापमानाची मर्यादा सांगितलेली आहे, तर मे महिन्यात येथील पारा अनेकदा ४५ अंशांपर्यंत जातो. तापलेला फोन प्रोसेसरची गती स्वतःच घटवतो. अशा वेळी कॅशे पुसणे निरर्थक असून फोन सावलीत थंड होऊ देणे हाच उपाय होय.

निष्कर्ष :
१. कॅशे हा गतीचा साहाय्यक असून नियमित पुसण्याची गरज नाही.
२. प्रथम फोन पुन्हा सुरू करावा, नंतर साठवण तपासावी, त्यानंतरच अडखळणाऱ्या अ‍ॅपचा कॅशे पुसावा.
३. कॅशे पार्टिशन अद्ययावतीकरणानंतरच्या बिघाडातच, तेही माहितीची प्रत सुरक्षित ठेवून पुसावे.