ठेव ठेवण्याआधी

बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेट पतसंस्थेत लाखो ठेवीदारांचे पैसे अडकले. ऑक्टोबर २०२३ मध्ये अध्यक्षांच्या कुटे समूहावर आयकर विभागाचे छापे पडले आणि पैसे काढायला झुंबड उडाली. ठेवींवर १२ ते १४ टक्के व्याज कबूल केलेले होते. पण लोक नुसत्या हव्यासाने फसले, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. भावकीतल्या कुणीतरी पैसे ठेवलेले असतात, शाखेतला पोरगा ओळखीचा असतो. माणूस कागद न वाचता सही करतो. व्याज वेळेवर मिळाले की मुदत संपलेली ठेवही तिथेच गुंतवतो. छोटा दुकानदार रोजची पिग्मी आणि मालाचे पैसे एकाच ठिकाणी ठेवतो. संस्था बंद पडली की दुकानात माल भरायलाही पैसा उरत नाही.

संस्थेच्या कारभाराचा दोष ठेवीदारांच्या या चुकांहून मोठा. ठेवीदारांचा पैसा कर्जाच्या नावाखाली समूहाच्याच कंपन्यांकडे वळवला, असा ईडीचा आरोप आहे. कर्ज देणारा आणि घेणारा एकच असेल, तर वसुलीचा तगादा लावणार कोण?

बँकेतील ठेवीला ५ लाख रुपयांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतील ठेवीला हे संरक्षण नाही. सगळी पुंजी एकाच पतसंस्थेत कधीही ठेवू नका.