वल्हं मारणाऱ्याचं नाव कुठल्या यादीत?

१५ मे २०२१ रोजी, कोरोनाची दुसरी लाट ओसरलेलीही नव्हती तेव्हा, उत्तर प्रदेशच्या मंत्रिमंडळाने एक निर्णय घेतला. शहरांत रोजच्या कमाईवर जगणाऱ्यांना एका महिन्यासाठी एक हजार रुपये भरणपोषण भत्ता द्यायचा. निर्णयात कामगारांची एक लांबलचक यादी होती: ठेलेवाले, पदपथावरचे दुकानदार, दिहाडी मजूर, रिक्षा आणि ई-रिक्षावाले, हमाल, न्हावी, धोबी, चांभार, हलवाई. आणि याच रांगेत नाविक. सुमारे एक कोटी गरिबांना याचा लाभ होईल, असा सरकारचा अंदाज होता.

एखाद्या सरकारी निर्णयात नावाड्यांचा असा थेट उल्लेख क्वचितच येतो. वाराणसीच्या संकठा घाटासारख्या ठिकाणी त्या एका शब्दाचं मोल मोठं होतं. मणिकर्णिकेवरून उत्तरेकडे निघालं की शिंदे घाट लागतो, त्याला लागून संकठा घाट, आणि पुढे गंगामहाल, भोसले घाट. काशीयात्रेला गेलेल्या मराठी माणसाला ही नावं घरचीच वाटतात. वर गल्लीत संकठा देवीचं मंदिर, खाली पायऱ्यांना बांधलेल्या नावा. इथलं सगळं पोटपाणी येणाऱ्या-जाणाऱ्यांवर चालतं. नावाडी, फुलं आणि दिवे विकणाऱ्या बायका, छत्रीखाली बसून संकल्प सांगणारे घाटिये, मुंडन करणारे न्हावी, चहावाले, यांपैकी कुणालाच महिन्याचा पगार नाही. यात्रेकरू थांबले की त्याच संध्याकाळी चूल अडते.

२०२० च्या मार्चमध्ये यात्रेकरू थांबले. काही महिन्यांनी थोडे आले, आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये पुन्हा थांबले. त्या उन्हाळ्यात शेजारच्या मणिकर्णिकेवर चितांची रांग लागली होती आणि संकठा घाटाच्या नावा रिकाम्या होत्या. पाठोपाठ पावसाळा आला. गंगा चढली की प्रशासन दरवर्षी नौकाविहार बंद करतं. ऑगस्ट २०२१ मध्ये तर नदीने ७१.२६ मीटरची धोक्याची पातळी ओलांडली. म्हणजे साथीने बुडवलेला हंगाम पुढे पुराने गिळला. अशा वेळी हजार रुपये फार नव्हेत, पण पाच माणसांच्या घरात आठवड्याभराचं तेलमीठ त्यात येतं.

प्रश्न एवढाच होता की नाविक म्हणजे नेमका कोण?

घाटावर राहणाऱ्याला हा प्रश्न विचित्र वाटेल. पण सरकारी मदत माणसाकडे पाहून दिली जात नाही, नोंदीकडे पाहून दिली जाते. काशीत नावेचा परवाना महापालिका देते, आणि तो नावेच्या मालकाच्या नावावर असतो. निषाद-मल्लाह समाजात कुठल्या घाटावरून कुणाची नाव चालणार, याचे वंशपरंपरागत हक्क ठरलेले आहेत; हे हक्क असलेल्यांना घाटवार म्हणतात. ज्याची स्वतःची नाव नाही, तो दुसऱ्याच्या नावेवर वल्हं मारतो आणि कमाईतला ठरलेला वाटा घेतो. हातावर पोट असतं ते याचंच, पण परवान्यावर त्याचं नाव नसतं. निर्णयातला नाविक हा शब्द दोघांनाही लागू होतो. कागद मात्र एकाकडेच असतो.

हे फक्त काशीत घडतं असं नाही. त्याच सुमारास, १३ एप्रिल २०२१ रोजी, महाराष्ट्रात कडक निर्बंध जाहीर करताना तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी ५,४७६ कोटी रुपयांचं पॅकेज सांगितलं. त्यात फेरीवाले, घरकामगार, बांधकाम कामगार आणि रिक्षाचालक यांना प्रत्येकी दीड हजार रुपये होते. पण प्रत्येक घटकापुढे एक विशेषण जोडलेलं होतं: नोंदणीकृत फेरीवाले, नोंदणीकृत घरकामगार, परवानाधारक रिक्षाचालक. रोजच्या भाड्याने दुसऱ्याची रिक्षा चालवणारा आणि दुसऱ्याच्या नावेवर वल्हं मारणारा, दोघांची अवस्था तंतोतंत सारखी. मुंबईत २०१४ साली फेरीवाल्यांची पाहणी झाली तेव्हा ९९ हजारांवर अर्ज आले होते. त्यातले पात्र ठरले जेमतेम पंधरा हजार. उरलेले लोक धंदा करतच राहिले. मदतीची घोषणा झाली त्या दिवशी मात्र ते सरकारच्या लेखी फेरीवाले नव्हते.

संकटात मदत कुणाला मिळणार हे संकटाच्या आधीच ठरलेलं असतं, ते असं. ज्याचं नाव आधीपासून कुठल्यातरी यादीत आहे त्याच्यापर्यंत पैसा लवकर पोचतो. टाळेबंदी लागल्यावर दुसऱ्याच दिवशी, २६ मार्च २०२० रोजी, केंद्राने १ लाख ७० हजार कोटींची प्रधानमंत्री गरीब कल्याण योजना जाहीर केली. त्यात महिलांच्या जनधन खात्यांवर तीन महिने दरमहा पाचशे रुपये यायचे होते. वीस कोटी खाती आधीच उघडलेली होती, म्हणून आठवडाभरात पैसे पडायला लागलेही. बँकांसमोर गर्दी होऊ नये म्हणून खाते क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यावरून दिवस वाटून दिले: शून्य आणि एकवाल्यांना ३ एप्रिल, दोन आणि तीनवाल्यांना ४ एप्रिल, असं करत ९ एप्रिलपर्यंत. हे काम खरोखर चोख झालं आणि तसं म्हटलं पाहिजे. पण घरातल्या बाईचं खातं जनधनचं नसून साधं बचत खातं असेल, तर ती कितीही गरीब असली तरी या यादीत बसत नव्हती.

खात्यात पडलेला पैसा हातात येईपर्यंतही एक वाट आहे. शहराच्या गल्ल्यांत आणि खेड्यांत बँक मित्राच्या टपरीवर अंगठा ठेवून पैसे काढायची सोय असते. वर्षानुवर्षं वल्ह्याचा दांडा धरलेल्या, पाण्यात भिजलेल्या बोटांवरच्या रेषा झिजतात आणि यंत्र त्या ओळखत नाही. अंगठा पुसायचा, पुन्हा ठेवायचा, दुसरं बोट लावायचं, शेवटी उद्या या असं ऐकून परतायचं. अशा वेळी पासबुक घेऊन शाखेत जायचं आणि स्लिप भरून पैसे मागायचे, हा हक्क आहे. तो पुष्कळांना ठाऊक नसतो. दुसरा घोळ आधारचा. आधारच्या आधारे पाठवलेली रक्कम ज्या खात्याला आधार सगळ्यात शेवटी जोडलं गेलं तिथे जाते. माणूस जुन्या खात्यात शोधत बसतो आणि पैसे कधीकाळी एखाद्या कामासाठी उघडलेल्या भलत्याच बँकेच्या खात्यात पडून असतात. मदत आली नाही अशी तक्रार करण्याआधी आपलं आधार कुठल्या खात्याला जोडलंय, हे बँकेत विचारून घ्यावं.

फुलं-दिवे विकणाऱ्या बायकांसाठी १ जून २०२० पासून पीएम स्वनिधी आली. ही मदत नव्हे, कर्ज आहे, हे आधी समजून घ्यायला हवं: तारण न घेता पहिल्यांदा दहा हजार रुपये, वेळेवर हप्ते भरले तर व्याजात सात टक्के सवलत आणि पुढे मोठी रक्कम. २४ मार्च २०२० ला किंवा त्याआधी धंदा करणारे विक्रेते त्यासाठी पात्र होते. या योजनेतली एक तरतूद इतर सगळ्या योजनांनी उचलावी अशी आहे. पाहणीत ज्याचं नाव राहून गेलं, त्या विक्रेत्याला पालिकेकडून शिफारसपत्र मिळवून अर्ज करता येतो. म्हणजे यादीबाहेरच्या माणसाला आत यायला एक दार ठेवलेलं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने योजना ३१ मार्च २०३० पर्यंत वाढवली आणि पहिलं कर्ज पंधरा हजारांचं केलं.

यादी आणि माणूस यांच्यातला सगळ्यात मोठा झगडा झाला तो मृत्यूंवरून.

१४ मार्च २०२० रोजी केंद्रीय गृहमंत्रालयाने कोरोनाला आपत्ती म्हणून अधिसूचित केलं. त्या पत्रात मृताच्या वारसांना चार लाख रुपये देण्याचा उल्लेख होता. त्याच दिवशी सुधारित पत्र निघालं आणि तो उल्लेख गेला. पुढे गौरवकुमार बन्सल आणि रीपक कंसल या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. ३० जून २०२१ रोजी न्या. अशोक भूषण आणि न्या. एम. आर. शहा यांनी निकाल दिला की आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम १२ नुसार सानुग्रह मदत देणं बंधनकारक आहे. रक्कम किती ते राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने ठरवावं. रक्कम ठरली पन्नास हजार, आणि ती राज्यांच्या आपत्ती प्रतिसाद निधीतून द्यायची असंही ठरलं.

खरी लढाई रकमेची नव्हती, पुराव्याची होती. आपल्याकडे वारसांना मिळणाऱ्या मृत्यू दाखल्यावर मृत्यूचं कारण लिहिलेलं नसतं. ते डॉक्टरांच्या वेगळ्या प्रमाणपत्रावर असतं, आणि घरी गेलेल्या माणसाच्या बाबतीत ते बहुतेकदा नसतंच. रुग्णालयाच्या कागदावर न्यूमोनिया किंवा हृदयक्रिया बंद पडल्याचं कारण लिहिलेलं असे. वाराणसीत तर आणखी एक गुंता संभवतो. मृत्यूची नोंद होते ती जिथे मृत्यू झाला त्या ठिकाणी. अंत्यसंस्कार कुठे झाला याच्याशी तिचा संबंध नसतो. आसपासच्या जिल्ह्यांतून मणिकर्णिकेवर आणलेल्या देहाची घाटावरची पावती म्हणजे मृत्यूचा दाखला नव्हे. २१ दिवसांच्या आत मृत्यू झाला तिथे नोंद केली नाही तर पुढचं सगळं अवघड होतं.

४ ऑक्टोबर २०२१ रोजी न्यायालयाने हा गुंता सोडवला. दाखल्यावर कोरोना लिहिलेलं नाही एवढ्याच कारणाने कुणालाही नाकारायचं नाही. चाचणी किंवा निदान झाल्यापासून तीस दिवसांत मृत्यू झाला असेल तर तो कोरोनाचा धरायचा, मग तो रुग्णालयाबाहेर का झालेला असेना. वाद असेल तर जिल्ह्याच्या तक्रार निवारण समितीने कागद तपासायचे, आणि सगळं तीस दिवसांत निकाली काढायचं. या आदेशाने सिद्ध करण्याचं ओझं विधवेच्या डोक्यावरून बरंचसं उतरवलं. साथीच्या काळातला सर्वसामान्यांसाठीचा हा सगळ्यात मोलाचा न्यायालयीन आदेश म्हणावा लागेल.

तरी अर्ज येईनात. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात नोंदलेले मृत्यू १ लाख ४१ हजार होते आणि अर्ज ३७ हजारांच्या आसपास. न्यायालयाने राज्याला खडसावलं. मग जाहिराती झाल्या, पोर्टल चालू झालं, सेतू केंद्रांवर रांगा लागल्या, आणि जानेवारी २०२२ पर्यंत महाराष्ट्रात दोन लाखांवर अर्ज गेले, म्हणजे अधिकृत मृत्यूंपेक्षाही जास्त. गुजरातेत नोंदलेले मृत्यू सुमारे दहा हजार, आणि मंजूर झालेले दावेच ६८ हजारांवर. पुराव्याची अट सैल झाल्यावर तोवर न मोजलेली माणसं सरकारी कागदावर आली. यात काही खोटे दावेही निघाले. मार्च २०२२ मध्ये न्यायालयाने महाराष्ट्रासह चार राज्यांतल्या पाच टक्के दाव्यांची तपासणी करायला परवानगी दिली. पण त्या भीतीने दार बंद केलं नाही, हे महत्त्वाचं. अर्ज ऑनलाइन केला नाही म्हणून तो फेटाळण्यालाही न्यायालयाने हरकत घेतली. जिच्या घरात स्मार्टफोन वापरणारं माणूसच साथीत गेलं, तिला पोर्टलवर जा म्हणून सांगणं क्रूरपणाचं होतं.

२० मार्च २०२२ पूर्वीच्या मृत्यूंसाठी २४ मार्च २०२२ पासून साठ दिवस, आणि त्यानंतरच्या मृत्यूंसाठी मृत्यूच्या तारखेपासून नव्वद दिवस, अशी मुदत ठरली. मात्र फार मोठी अडचण होती असं दाखवता आलं तर मुदतीनंतरही तक्रार निवारण समितीकडे जाण्याची वाट न्यायालयाने मोकळी ठेवली, आणि अर्ज करायला मदत हवी असेल त्यांच्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांना कामाला लावलं. या प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं, आणि स्त्रियांना तिथे फुकट कायदेशीर मदत मिळते. पन्नास हजारांच्या पलीकडच्या कामांसाठीही, वारस दाखल्यापासून निवृत्तिवेतनापर्यंत, तिथे जावं.

नावाड्यांच्या बाबतीत पुढची पायरी २६ ऑगस्ट २०२१ ला आली. असंघटित कामगारांसाठी ई-श्रम पोर्टल सुरू झालं. इथे मालकाचं पत्र लागत नाही, नावेचा परवाना लागत नाही. आधार, बँक खातं आणि आपण काय काम करतो हे सांगितलं की नोंद होते. उत्तर प्रदेशात आठ कोटींवर नोंदी झाल्या. जानेवारी २०२२ मध्ये त्या राज्याने भरणपोषण भत्त्याचे एक हजार रुपये दीड कोटी कामगारांच्या खात्यांवर टाकले, ते याच नोंदींवरून. २०२१ च्या मेमध्ये नाविक कोण हा जो प्रश्न होता, त्याला निदान एक उत्तर मिळालं: जो स्वतः तसं सांगून नोंद करतो तो.

पण ई-श्रमवर नोंदलेला व्यवसाय आणि महापालिकेचा नौका परवाना या दोन नोंदी एकमेकींना ओळखत नाहीत. पूर आला आणि प्रशासनाने नावा थांबवल्या, तर त्या दिवसापासून कुणाची कमाई बुडाली हे सांगेल अशी यादी हवी. ती तयार करणं अवघड नाही. परवान्याचं नूतनीकरण करताना मालकाच्या नावाखाली त्या नावेवर काम करणाऱ्यांची नावं आणि त्यांचे ई-श्रम क्रमांक लिहून घ्यायचे. मुंबई-पुण्यात रिक्षाच्या परवान्यावर भाड्याने चालवणाऱ्यांच्या बाबतीतही हेच करता येईल. त्यासाठी पुढच्या साथीची वाट पाहायची गरज नाही. हा रकाना परवान्याच्या पुढच्याच नूतनीकरणात घालता येईल.