केबिनचा तळ सडला? ठिगळ नको, पत्रा बदला

घरची जुनी जीप-पिकअप म्हणजे घरचं माणूसच. वीस-पंचवीस वर्षे तिने आठवड्याचा बाजार केला, खताच्या गोण्या आणल्या, अडीअडचणीला रात्री-अपरात्री दवाखानाही गाठून दिला. इंजिन अजून ठणठणीत आहे, टायर बरे आहेत. पण पायाखालची रबरी मॅट शेवटची कधी उचलली होती, आठवतं का?

आज ती उचला. खाली ओलसर गोणपाट, तांबडी पापडी आणि एखाद्या भोकातून दिसणारा रस्ता, असे दृश्य दिसले तर हे पत्रक तुमच्यासाठीच आहे.

तळ सडला म्हणजे नुसते पाणी उडते, एवढ्यावर हा विषय संपत नाही. तुमचे आसन या तळावर बसवलेले आहे. ब्रेक आणि क्लच दाबताना टाच याच तळावर टेकते. शेजारी बायको-पोर बसते, त्यांचे पायही इथेच. ब्रेक जोरात दाबायची वेळ आली आणि नेमकी तेव्हाच टाच आत गेली किंवा आसनाचा नट पत्र्यासकट निघाला, तर सावरायला वेळ मिळत नाही. शिवाय भोकांतून सायलेन्सरचा धूर आत येतो. त्यातील कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. डोके दुखते, गुंगी येते, आणि माणूस म्हणतो, ऊन लागलं असेल.

तळ का सडतो?

लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आली की गंज धरतो. त्यात क्षार मिसळला की तो झपाट्याने वाढतो. आपल्या गाडीत क्षार कुठून आला, असं म्हणाल. खताच्या फुटक्या गोणीतून सांडलेले पोटॅश आणि अमोनियम सल्फेट हे क्षारच आहेत. कोकणात खारी हवा आणि मासळीचे पाणी त्यात भर घालते. हे सारे मॅटखाली साचते. वरून रबर असल्यामुळे ऊन-वारा लागत नाही, आणि गोणपाट पाणी धरून ठेवते. म्हणून तळ बहुधा वरच्या बाजूने, मॅटखाली, कुणाच्या नकळत सडतो.

पाणी नुसते चपलांबरोबर येत नाही. पुढच्या काचेचे रबर कडक होऊन फाटलेले असते, दाराचे रबर गेलेले असते, दाराच्या खालची निचऱ्याची छिद्रे चिखलाने बुजलेली असतात. हे मूळ बंद केले नाही, तर नवा पत्राही जुन्याच वाटेने जाईल.

आधी नीट तपासा

आसन, मॅट, गोणपाट, सगळे बाहेर काढा. तळ झाडून दोन दिवस उन्हात सुकू द्या. मग छोट्या हातोडीने ठोकत जा. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला भद्द वाजतो. संशय येईल तिथे डिसमिसचे टोक दाबून बघा. आत घुसले तर तो पत्रा गेला समजा. खडूने त्याभोवती रेघ मारा. आता त्या रेघेबाहेर दोन बोटे अंतर सोडून दुसरी रेघ मारा. कापायचे ते या दुसऱ्या रेघेवर.

यानंतर गाडीखाली जाऊन चॅसी तपासा. केबिन ज्या रबरी पॅकिंगवर बसते ते आधार आणि दाराखालची आडवी पेटी यांवर जास्त लक्ष द्या. चॅसीच सडून भोक पडले असेल, तर तळाचा पत्रा बदलून उपयोग नाही. आधी जाणत्या मिस्त्रीला चॅसी दाखवा. काही गाड्यांना वेगळी चॅसी नसते, तळ हाच त्यांचा कणा असतो. अशा गाडीचा तळ गावच्या फाटका-खिडक्यांच्या वेल्डरकडून कापून घेऊ नका.

ठिगळ का नको?

सडलेल्या पत्र्यावर नवा तुकडा ठेवून चार टाके मारणारे भेटतात. काही जण वर डांबर फासून देतात. दिसायला काम झाले, पैसेही कमी लागले. पण दोन पत्र्यांच्या मध्ये ओल राहते आणि डांबराखाली गंज चालूच राहतो. शिवाय टाका मारला तो सडलेल्या कडेला, मग त्याला जोर कुठला? भिंतीला ओल असताना वरून चुना मारावा, तसलाच हा प्रकार. चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचे आणि चांगल्याला चांगले जोडायचे, हाच या कामाचा मुख्य नियम.

साहित्य कोणते घ्यावे?

साधा सी.आर. पत्रा घ्या. तळासाठी १८ गेज, म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर जाडी पुरते. जुना पत्रा याहून जाड असेल तर त्याच जाडीचा घ्या. १६ गेज म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर. ८ फूट बाय ४ फुटांच्या १८ गेजच्या अख्ख्या पत्र्याचे वजन साधारण २८ किलो भरते. त्यावरून दुकानात हिशेब करता येईल. आसनाच्या आणि पट्ट्याच्या नटाखाली घालायला ३ मिलिमीटर जाड पट्टीही घ्या.

गोठ्यावरून उरलेला पांढरा जस्ताचा पत्रा वापरण्याचा मोह होईल. तो वापरू नका. एक तर तो पातळ असतो. दुसरे म्हणजे वेल्डिंगच्या वेळी जस्ताचा धूर होतो आणि तो छातीत गेला की थंडी वाजून ताप भरतो.

कापण्याआधीची दक्षता

हा भाग दोनदा वाचा, आणि मिस्त्रीलाही वाचून दाखवा.

१. बॅटरीची तार काढा आणि बॅटरी बाहेर ठेवा.

२. इंधनाची टाकी कुठे आहे ते पाहा. जुन्या जीपच्या काही प्रकारांत ती चालकाच्या आसनाखालीच असते. टाकी उतरवून कामापासून लांब नेऊन ठेवा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीइतकीच, किंबहुना जास्त धोक्याची असते, कारण तिच्यात वाफ कोंडलेली असते. "डिझेल आहे, कुठं पेटतंय?" असे कुणी म्हटले तरी ऐकू नका. तापल्यावर डिझेलचीही वाफ होते.

३. तळाखालून ब्रेकच्या नळ्या, इंधनाच्या नळ्या आणि वायरी जातात. त्या सोडून बाजूला बांधा. ग्राइंडरचे पाते आंधळे असते.

४. पाण्याची बादली, वाळू आणि शक्य तर आग विझवण्याचे नळकांडे जवळ ठेवा. वेल्डिंग संपल्यावर अर्धा तास तरी एका माणसाने तिथेच थांबावे. कोपऱ्यातले गोणपाट मागाहून धुमसते.

५. डोळ्यांना चष्मा, तोंडाला फडके, अंगात सुती कपडे. नायलॉनचा सदरा नको.

६. चॅसीवर ठोकलेला क्रमांक आणि केबिनमधील माहितीची पट्टी यांना धक्का लावू नका. तो क्रमांक घासला गेला तर गाडी तुमची असूनही सिद्ध करणे अवघड जाईल.

आता काम क्रमाने पाहू

पहिली गोष्ट, गाडी सपाट जागी उभी करा. दाराच्या चौकटीची दोन्ही तिरकी मापे घेऊन लिहून ठेवा. चौकटीत अँगलचा एक आडवा तुकडा तात्पुरता टाचून घ्या. तळ कापला की केबिन ढिली होते. हा आधार नसेल तर चौकट सरकते, आणि मग दार कधीच नीट लागत नाही.

दुसरी, एका वेळी एकच बाजू कापा. चालकाची बाजू पूर्ण जोडून झाल्यावरच शेजारची घ्या. दोन्ही बाजू एकदम उघडल्या तर माप कशावरून घेणार?

तिसरी, जुना तुकडा लगेच भंगारात टाकू नका. त्यावर पुठ्ठा ठेवून नमुना कापा. आसनाची, पेडलची आणि निचऱ्याची छिद्रे त्यावर उतरवून घ्या. हा पुठ्ठा गाडीत बसवून बघा. पुठ्ठा नीट बसला तरच पत्रा कापा. सपाट पत्रा पायाखाली डुगडुगतो. जुन्या तळाला वळ्या होत्या त्या शोभेसाठी नव्हत्या. तशाच वळ्या नव्या पत्र्याला पाडून घ्या.

चौथी, नवा पत्रा चांगल्या कडेवर चारी बाजूंनी १५ ते २० मिलिमीटर चढेल असा ठेवा. जोडाच्या दोन्ही बाजू घासून चकचकीत करा आणि मध्ये वेल्डिंगला चालणारा जस्ताचा प्रायमर लावा. हा प्रायमर लावला असला तरी तोंडावरचे फडके काढू नका आणि जागा हवेशीर ठेवा.

पाचवी, वेल्डिंग. पातळ पत्र्याला साध्या काडीच्या वेल्डिंगने भोके पडतात. सी.ओ.टू. वेल्डिंग असलेला डेंटर तालुक्याला मिळतो, त्याच्याकडे जा. नव्या पत्र्याच्या कडेला ३०-४० मिलिमीटरवर ८ मिलिमीटरची छिद्रे पाडून ती वेल्डिंगने भरली की खालचा-वरचा पत्रा एकजीव होतो. सलग टाका ओढू देऊ नका. इथे दोन सेंटिमीटर, मग समोरच्या कडेला दोन सेंटिमीटर, असे फिरत राहावे. एकाच जागी उष्णता वाढली की पत्रा पापडासारखा वाकतो.

सहावी, आसनाच्या नटांखाली जाड पट्टी जोडून घ्या. आसन पत्र्यावर नव्हे, पट्टीवर तोलले पाहिजे.

तिरकी मापे पुन्हा घ्या, दार लावून बघा, आणि मगच तात्पुरता अँगल काढा.

रंगाची घाई करू नका

वेल्डिंगची जागा घासून, पुसून कोरडी करा. वरून आणि खालून, दोन्हीकडे प्रायमर हवा. रेड ऑक्साइड चालते, पण दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर जास्त टिकतो. जोडाच्या फटीत सीलंट भरा, त्यावर रंग द्या. हे सारे सुकल्यावर खालून डांबरी लेप. म्हणजे डांबर निषिद्ध नाही, गंजावर निषिद्ध आहे. निचऱ्याची छिद्रे मात्र लेपाने बुजवू नका.

शेवटी पाण्याची परीक्षा. एकाने आत बसावे, दुसऱ्याने काचेवर आणि दारांवर नळीने पाणी मारावे. थेंब जिथून आत येईल ते रबर बदला. रात्री गाडीखाली विजेरी धरा. आत उजेडाचा ठिपका दिसला तर तिथे भोक राहिले आहे.

कागदपत्रांविषयी

होता तसाच तळ पुन्हा बसवणे ही दुरुस्ती झाली. पण केबिनची ठेवण किंवा चॅसी बदलायची असेल तर आधी आर.टी.ओ.ची परवानगी लागते. खासगी गाडीला १५ वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. वाहतुकीच्या गाडीला ८ वर्षांनंतर दर वर्षी तंदुरुस्तीची तपासणी असते. तळाचे काम त्याआधी उरका. मिस्त्रीची पावती जपून ठेवा.

वर्षातून दोन दिवस

मृगाच्या आधी एकदा मॅट उचला, रबर तपासा, निचऱ्याची छिद्रे तारेने मोकळी करा. दुसऱ्यांदा दसऱ्याला. त्या दिवशी आपण गाडी धुतो, झेंडूचा हार घालतो. हार घालण्याआधी मॅट काढून तळ धुवा आणि सुकवा. खत वाहिले की त्याच दिवशी केबिन आणि हौदा पाण्याने धुऊन काढा. मॅटखाली गोणपाट पुन्हा घालू नका.

बंधूंनो, इंजिन बिघडले तर गाडी रस्त्यात थांबते आणि आपण बैलजोडी लावून घरी आणतो. तळ मात्र आधी सांगत नाही. म्हणून हे पत्रक वाचून झाले की बाजूला ठेवू नका. आधी अंगणात जा आणि मॅट उचलून बघा. मग पत्रकाची घडी करून गाडीच्या कागदपत्रांत ठेवा. मिस्त्रीकडे जाताना उपयोगी पडेल.