विश्लेषण : लहान बेटांवरचा कचरा जातो कुठे? पॅसिफिक देशांनी एकत्र येऊन काय साधले?

प्रशांत महासागरातील लहान बेटांवर तांदूळ, डबाबंद मासे, शीतपेये, फ्रिज, मोटारी असे जवळपास सारे काही जहाजाने येते. जहाज माल उतरवून परत जाते. रिकामे डबे, बाटल्या, वेष्टने आणि काही वर्षांनी बंद पडलेला फ्रिज मात्र बेटावरच राहतो. हा कचरा बाहेर काढायचा कसा, हा या देशांपुढचा मोठा प्रश्न आहे. एकेकट्या देशाला न परवडणारे त्याचे उत्तर काही प्रमाणात प्रादेशिक सहकार्यातून मिळू लागले आहे.

बेटांची अडचण वेगळी का?

पहिली अडचण जागेची. तुवालू या देशाची एकूण जमीन अवघी २६ चौरस किलोमीटर आहे. किरिबातीची (स्थानिक उच्चार ‘किरिबास’) निम्म्याहून अधिक लोकसंख्या दक्षिण तारावा या चिंचोळ्या पट्ट्यात राहते. गावाबाहेर कचराभूमी करावी, तर ‘गावाबाहेर’ म्हणजे समुद्रच.

दुसरी अडचण पाण्याची. प्रवाळांपासून तयार झालेल्या या सखल कंकणद्वीपांवर नद्या नाहीत. पावसाचे पाणी वाळूतून झिरपते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा पातळ थर तयार होतो. विहिरींना पाणी मिळते ते याच थरातून. वर कचऱ्याचा ढीग असेल तर त्यातले काळे पाणी थेट या थरात उतरते. तेच पाणी किनाऱ्यालगतच्या प्रवाळांपर्यंत आणि माशांपर्यंतही पोहोचते.

तुवालूची राजधानी फुनाफुती येथे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने धावपट्टीच्या भरावासाठी मोठे खड्डे खणले होते. युद्ध संपले, खड्डे तसेच राहिले आणि त्यांत कचरा पडू लागला. आजूबाजूला लोकवस्तीही होती. अखेर २०१५ मध्ये न्यूझीलंडच्या मदतीने ते वाळूने बुजवण्यात आले. जमीन परत मिळाली, पण रोज नव्याने साठणारा कचरा थांबला नाही.

भंगार विकून प्रश्न का सुटत नाही?

भारतात रिकामी बाटली भंगारवाल्याकडून टप्प्याटप्प्याने कारखान्यापर्यंत जाते. दहा-अकरा हजार लोकवस्तीच्या देशात कारखाना चालेल इतके भंगारच जमत नाही. ते परदेशी पाठवायचे तर जहाजाचे भाडे मालाच्या किमतीपेक्षा जास्त होते. अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यांना निदान भाव मिळतो. प्लास्टिक, काच आणि जुने टायर यांच्या बाबतीत हिशेब तोट्यातच जातो.

रिकाम्या कंटेनरचा उपयोग कसा झाला?

समोआची राजधानी अपिया येथे ‘स्प्रेप’ या पॅसिफिक प्रादेशिक पर्यावरण संस्थेचे मुख्यालय आहे. २१ बेट-देश व प्रदेश, तसेच ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, फ्रान्स आणि ब्रिटन हे तिचे सदस्य आहेत. या संस्थेने २०१८ मध्ये चायना नॅव्हिगेशन या जहाज कंपनीशी ‘मोआना ताका’ नावाचा करार केला.

त्यामागचा विचार साधा होता. बेटांची आयात भरपूर आणि निर्यात कमी, त्यामुळे भरून आलेले अनेक कंटेनर रिकामेच परत जातात. मग त्यांत पुनर्चक्रीकरण होऊ शकेल असा, पण फारसा भाव न मिळणारा कचरा भरून आशिया-पॅसिफिकमधील योग्य बंदरांत विनामूल्य का नेऊ नये? एका लहान देशाने एकट्याने अशी मागणी केली असती तर कंपनीला त्यासाठी स्वतंत्र व्यवस्था उभारणे अवघड गेले असते. अनेक देशांच्या वतीने एकच संस्था बोलते, तेव्हा नियम, अर्ज आणि तपासणी एकदाच ठरवता येते.

कायद्याची अडचण कशी सुटली?

जुन्या बॅटऱ्या किंवा वापरलेले तेल हा घातक कचरा सीमेपार नेताना आंतरराष्ट्रीय बेसल करार लागू होतो. या कराराच्या सदस्य देशाला बिगरसदस्य देशाशी अशा कचऱ्याचा व्यवहार एरवी करता येत नाही. मात्र आवश्यक अटी पाळणारा स्वतंत्र प्रादेशिक करार असेल तर वाट मोकळी होते. पापुआ न्यू गिनीत १९९५ मध्ये झालेला आणि २००१ पासून अमलात असलेला वैगानी करार हेच काम करतो. बाहेरचा घातक आणि किरणोत्सारी कचरा बेट-देशांत आणण्यास तो बंदी घालतो. त्याच वेळी बेटांवरचा घातक कचरा ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडसारख्या सदस्य देशांत प्रक्रियेसाठी पाठवण्याची रीतही घालून देतो.

कचरा गोळा करण्याचा खर्च कोण देते?

जहाज फुकट मिळाले तरी डबे आणि बाटल्या बंदरापर्यंत आणाव्या लागतातच. यासाठी किरिबातीतील ‘काओकी मांगे’ ही योजना महत्त्वाची ठरते. या नावाचा अर्थच ‘कचरा परत करा’ असा आहे. शीतपेयाच्या प्रत्येक डब्यामागे किंवा बाटलीमागे आयातदाराकडून ५ सेंट घेतले जातात. रिकामा डबा परत आणणाऱ्याला ४ सेंट मिळतात आणि उरलेला १ सेंट केंद्र चालवण्यासाठी वापरला जातो. पालाऊमध्ये अनामत १० सेंट असून त्यातील ५ सेंट ग्राहकाला परत मिळतात. म्हणजे वस्तू देशात शिरतानाच तिच्या परतीच्या खर्चाची सोय होते आणि सरकारच्या तिजोरीवर भार पडत नाही.

अनुभवाची देवाणघेवाण हा सहकार्याचा आणखी एक भाग आहे. जपानच्या मदतीने २०११ पासून ‘जे-प्रिझम’ हा प्रशिक्षण प्रकल्प सुरू झाला. समोआतील ताफाइगाता येथील कचराभूमी जपानच्या फुकुओका पद्धतीने सुधारण्यात आली. या पद्धतीत तळाशी छिद्रांचे पाइप टाकतात. त्यांतून काळे पाणी बाहेर काढले जाते आणि हवा आत शिरते, त्यामुळे कचरा लवकर कुजतो आणि मिथेन कमी तयार होतो. यंत्रसामग्री फारशी लागत नसल्याने ती लहान देशांना झेपते.

मर्यादा कोणत्या?

मोफत वाहतूक फक्त त्या कंपनीची जहाजे जातात त्याच बंदरांतून मिळू शकते. दूरच्या लहान बेटांवरून मुख्य बंदरापर्यंत कचरा आणण्याचा खर्च उरतोच. शिवाय घेणारे देशही आता कडक झाले आहेत. चीनने २०१८ पासून अनेक प्रकारच्या प्लास्टिक कचऱ्याची आयात बंद केली. बेसल करारातील दुरुस्तीमुळे २०२१ पासून मिश्र किंवा अस्वच्छ प्लास्टिक पाठवण्याआधी घेणाऱ्या देशाची संमती लागते. त्यामुळे कचरा बेटावरच नीट वेगळा करून, धुऊन आणि दाबून ठेवणे भाग आहे. ओला कचरा तर जहाजात भरून पाठवण्यात अर्थच नाही. त्याचे खत बेटावरच करावे लागते.

सहकार्यामुळे जहाज, कायद्याची चौकट आणि तांत्रिक माहिती या तीन गोष्टी बेटांना मिळतात. वर्गीकरण, अनामत आणि रोजचे संकलन ही कामे मात्र प्रत्येक देशाला स्वतःच करावी लागतात. ती झाली नाहीत, तर रिकामा कंटेनर बेटावरून रिकामाच परत जातो.