गुराबेला दोनच डोलकाठ्या? जहाजाच्या देखाव्यावर टीका झाली तर काय करायचं

समजा, ढाणकीतल्या एका पोरानं पुठ्ठा, आइस्क्रीमच्या काड्या आणि फेव्हिकॉल घेऊन महिनाभर खपून मराठा आरमाराची गुराब बनवली. खाली निळं पाणी, वर मावळे, मागे किल्ला. प्रदर्शनात पहिलाच पाहुणा म्हणाला, "समुद्र बघितलाय का कधी?" दुसरा म्हणाला, "दोनच डोलकाठ्या? आणि पुढचं टोक असं उघडं का?"

पहिल्या वाक्याला उत्तर द्यायची गरज नाही. उमरखेड तालुक्यातून समुद्र शेकडो किलोमीटर लांब आहे, पण त्याचा जहाज चुकण्याशी संबंध नाही. दुसरा प्रश्न मात्र कामाचा आहे, कारण तो तपासता येतो.

अठराव्या शतकातला इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म यानं आंग्र्यांच्या काळातल्या या जहाजांचं वर्णन लिहून ठेवलंय. त्याच्या म्हणण्याप्रमाणे गुराबेला सहसा दोनच डोलकाठ्या असत. तीन डोलकाठ्यांच्याही गुराबा होत्या, त्या साधारण 300 टनांच्या. पुढची नाळ लांब निघालेली आणि कडेला बंदिस्त नसलेली, म्हणजे लाट वर आली तरी पाणी सरळ वाहून जाई. या नाळेवरूनच 9 किंवा 12 पौंडी दोन तोफा समोर मारा करत. म्हणजे पोराची गुराब बरोबर आहे, टीका चुकली. पण त्यानं शेजारच्या गलबताला चारच वल्ही लावली असतील, तर तिथे टीका मान्य करावी. ऑर्मच्या गलबताला 40-50 वल्ही आहेत.

काही चुकांना पुस्तक लागत नाही. सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे शीड पुढे फुगलेलं आणि झेंडा मागे फडकणारा. जीपवरचा झेंडा मागे उडतो, म्हणून हात आपोआप तसाच चिकटवतो. पण शिडाच्या जहाजाला वाराच ढकलतो. वारा मागून असेल तर झेंडाही पुढेच उडणार.

दुसरी चूक मापाची. जुनी आयएनएस विक्रांत सुमारे 213 मीटर लांब होती. 1:350 मापात ती 61 सेंटिमीटर होते आणि माणूस जेमतेम 5 मिलिमीटर. तिच्यावर बाजारातले बोटभर प्लास्टिकचे सैनिक उभे केले, की युद्धनौकेची होडी होते. त्याच विक्रांतवर 1971 च्या देखाव्यात आजचा नौदल ध्वज लावला, तर जाणकार लगेच बोट ठेवणार. शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन त्या ध्वजावर 2 सप्टेंबर 2022 ला आला, आणि जुनी विक्रांत 1997 मध्येच निवृत्त झाली होती. कागदी झेंडा बदलायला पाच मिनिटं लागतात. इथे वाद घालण्यात वेळ घालवू नये.

आणि ज्याचा पुरावाच नाही त्याचं काय? हा प्रश्न खुद्द नौदलालाही पडला होता. अजिंठ्यातल्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून गोव्यात एक शिवलेलं जहाज बांधलं गेलं. फळ्या खिळ्यांनी नाही, तर काथ्याच्या दोरीनं शिवलेल्या. आराखडा कुणाकडेच नव्हता, होतं ते एक सपाट चित्र. त्यामुळे बाकीचं अंदाजानं ठरवावं लागलं आणि आयआयटी मद्रासमध्ये छोटी प्रतिकृती पाण्यात घालून तपासावी लागली. 21 मे 2025 ला कारवारला ते 'आयएनएसव्ही कौंडिण्य' म्हणून नौदलात दाखल झालं. अंदाज करणं गुन्हा नाही, फक्त तो अंदाज आहे हे सांगावं लागतं.

म्हणून टीकाकाराला पहिला प्रश्न विचारायचा तो असा: "काका, हे कुठे वाचलं?" उत्तर मिळालं तर वहीत लिहून घ्यायचं, बरोबर असेल तर त्याच रात्री दुरुस्ती करायची. नुसतं "काहीही बनवलंय" आलं, तर हसून पुढच्या पाहुण्याकडे वळायचं.

देखाव्याशेजारी एक पुठ्ठ्याची पाटीही ठेवता येईल: 'दोन डोलकाठ्यांची गुराब. डोलकाठ्या, नाळ, तोफा: ऑर्मच्या वर्णनावरून. शिडाचा रंग: अंदाजानं.'