लष्करात बाई आधी अधिकारी झाली, जवान व्हायला 27 वर्षं लागली

बेळगाव : पोरगी लष्करात आहे म्हटलं की आजही लोक विचारतात, 'डॉक्टर की नर्स?' या प्रश्नाला कारण आहे. भारतीय लष्करात स्त्रियांसाठी दार वरून उघडत आलं. साध्या जवानाचं दार सगळ्यात शेवटी उघडलं आणि त्यासाठीचा पहिला भरती मेळावा ऑगस्ट 2019 मध्ये आपल्या बेळगावातच झाला.

नर्स ते अधिकारी

सुरुवात 1888 ची. ब्रिटिश सैनिकांच्या शुश्रूषेसाठी इंग्लंडहून परिचारिकांची छोटी तुकडी मुंबईत उतरली. आजच्या मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसचं मूळ तिथं आहे. दुसऱ्या महायुद्धात 1942 मध्ये महिलांचं सहायक दल उभं राहिलं. टायपिंग, टेलिफोन, भांडारातली कामं त्यांच्याकडे होती. 1947 मध्ये ते दल मोडलं. त्यानंतर कित्येक वर्षं लष्करातली स्त्री म्हणजे नर्स किंवा डॉक्टर, एवढंच समीकरण राहिलं. धारवाडला जन्मलेल्या माधुरी कानिटकर याच वैद्यकीय शाखेतून 2020 मध्ये लेफ्टनंट जनरल पदापर्यंत पोहोचल्या.

1992 मध्ये इतर शाखांत महिला अधिकारी घ्यायचं ठरलं, तेही सुरुवातीला पाच वर्षांपुरतं. पुढं मुदत वाढत 14 वर्षांवर गेली. पण बहुतेक शाखांत कायम नोकरी नव्हती. मुदत संपली की पेन्शनशिवाय घरी. 17 फेब्रुवारी 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बबिता पुनिया खटल्यात हा भेद चुकीचा ठरवला, तेव्हा कायम कमिशनचा मार्ग मोकळा झाला.

लाल टोपी

हे सगळं अधिकाऱ्यांचं झालं. दहावी-बारावी शिकलेल्या, शेतकऱ्याच्या घरातल्या मुलीसाठी काही नव्हतं. जानेवारी 2019 मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्री निर्मला सीतारामन यांनी लष्करी पोलीस दलात महिला जवान घेण्याचा निर्णय जाहीर केला. छावणीतली शिस्त, लष्करी ताफ्यांची वाहतूक, गुन्ह्यांचा तपास, युद्धकैद्यांचा बंदोबस्त ही या लाल टोपीवाल्यांची कामं. तपासात किंवा झडतीत समोर स्त्री असली की महिला जवानाची गरज पडतेच.

पहिल्या 100 जागांसाठी जवळपास दोन लाख अर्ज आले. पात्रता दहावी पास. मैदानात 1.6 किलोमीटर धाव आठ मिनिटांच्या आत, दहा फूट लांब उडी आणि तीन फूट उंच उडी. निवड झालेल्यांपैकी 83 जणी बंगळुरात 61 आठवडे प्रशिक्षण घेऊन 8 मे 2021 रोजी जवान म्हणून बाहेर पडल्या. टप्प्याटप्प्यानं ही संख्या 1,700 वर न्यायचं तेव्हा ठरलं होतं.

आता पुढं काय?

2022 पासून ही भरती अग्निवीर म्हणून होते. म्हणजे नोकरी चार वर्षांची आणि त्यातले जास्तीत जास्त 25 टक्के कायम होणार. मुलींना लष्करात जवान म्हणून अजून हे एकच दार आहे, पायदळ बंदच. मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात असलं तरी तिथं मुलगी शिपाई होऊ शकत नाही. हवाई दलात मात्र चित्र पुढं गेलंय. सांबऱ्याच्या प्रशिक्षण केंद्रातून डिसेंबर 2023 मध्ये 153 मुलींची पहिली अग्निवीरवायू तुकडी बाहेर पडली.

सीमाभागातल्या पालकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. लष्कराची भरती अधिवासाप्रमाणे होते. बेळगाव तालुक्यातल्या मुलीचा अर्ज कर्नाटकातून, तर शेजारच्या चंदगडच्या मुलीचा महाराष्ट्रातून जातो. शाळा कुठल्या राज्यात झाली यापेक्षा अधिवासाचा दाखला महत्त्वाचा. तो आधी काढून ठेवावा आणि वय, उंची व गुणांच्या अटी त्या वर्षीच्या जाहिरातीत नीट वाचाव्यात. धावण्याचा सराव मात्र जाहिरातीची वाट न बघता आजपासूनच सुरू करता येतो.